शाळेच्या विहिरीतले मासे

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मासा धरल्याचं ऐकिवात नाही. मी दोनदा धरले. एकदा शाळेच्या विहिरीतून बाहेर काढण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा त्याच विहिरीत परत सोडण्यासाठी. मधल्या तीन आठवड्यांत माझी जी गाळण उडाली होती, ती आठवली की आजही मी एकटीच हसत बसते. सुनेला वाटतं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं.

गोष्ट मद्रासची, पन्नास सालानंतरच्या दिवसांतली. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. शिक्षिकेचं ट्रेनिंग संपवून नुंगंबाक्कमच्या एका लहानशा प्राथमिक शाळेत जूनमध्ये लागले होते. नुंगंबाक्कम म्हणजे आजची दुकानं नि ऑफिसं डोळ्यांपुढे आणू नका. तेव्हा तिथं आंब्यांच्या बागा होत्या, मोठं तळं होतं, आणि तळ्यात म्हशी डुंबत. शाळा एका जुन्या बंगलीत भरायची. पाच वर्ग, कौलारू छप्पर आणि मागे विहीर.

शाळा तमिळ. आमच्या घरात मात्र मराठी, तीही तंजावरची. आमचे पूर्वज कधीकाळी ती घेऊन दक्षिणेत उतरले आणि तिथंच ती तमिळ पाणी पिऊन वाढली. पुण्याकडचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून तोंडावर रुमाल धरत. आज मी लिहिते आहे ती मराठी मला पुढे सासरी शिकावी लागली.

चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. आठवड्यातून तीन तास निसर्गाभ्यास. पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. झाडं, पाणी, पक्षी, किडे आणि आपण या सगळ्यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते मुलांना दाखवावं, एवढंच ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. मी ते वहीत सुंदर अक्षरात लिहून घेतलं होतं. खाली लाल शाईची रेघही मारली होती. वही बंद केली की मात्र ते नातं वहीतच राहायचं.

पहिले सात महिने मी विहिरीत डोकावले नव्हते. विहिरीचं पाणी काढायचं काम आयम्माचं. आयम्मा म्हणजे शाळा झाडणारी, माठ भरणारी, पहिलीतल्या पोरांची नाकं पुसणारी बाई. तिचं वय विचारलं की ती दर वेळी वेगळं सांगायची, आणि ते आपल्याला पटायचंही. पोंगलची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी चौथीच्या एका मुलीची पाटी विहिरीच्या कठड्यावर राहिली होती, ती आणायला मी गेले आणि सहज खाली पाहिलं. पावसाळ्यानंतरचं पाणी, चांगलं वर आलेलं. त्यात बोटाएवढे मासे फिरत होते. एक-दोन नव्हे, चांगले चाळीसेक.

"आयम्मा, हे मासे कधीपासून आहेत?"

"विहीर आहे तेव्हापासून."

"आणि मुलं हे पाणी पितात?"

"तुम्हीपण पिता, टीच्चरम्मा. जूनपासून."

आमच्या घरी पिण्याचं पाणी आई ओलेत्यानं भरायची. त्या हंड्याला आम्हा मुलांचा धक्का लागला तरी तो पुन्हा भरायचा. अंडं हा शब्दसुद्धा आमच्याकडे माजघरात उच्चारत नसत. आणि मी सात महिने मासे पोहलेलं पाणी गटागटा पीत होते!

पण हे असं कसं म्हणणार? मी शिकलेली. सोवळंओवळं मानत नाही असं घरात दोनदा भांडून सांगितलेलं. मग मी काय केलं, तर त्या किळसेला शास्त्राचं पातळ नेसवलं. फळ्यावर लिहिलं, 'शुद्ध पाणी'. खाली लिहिलं, रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि मग छडी फळ्यावर आपटून विचारलं, "आणि काय नाही?"

वर्ग ओरडला, "मासे नाहीत!"

आता सांगायला हरकत नाही, कोणत्याही पुस्तकात विहिरीतल्या माशांविरुद्ध एक अक्षर नव्हतं. ती ओळ माझी आणि माझ्या आईच्या हंड्याची.

मुख्याध्यापिकाबाईंना सगळे 'पेरिय टीच्चर' म्हणत, म्हणजे मोठ्या बाई. त्या शाळेच्याच मागच्या खोलीत राहायच्या. त्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं. पण तै महिना म्हणजे तमिळ लोकांच्या लग्नांचा महिना. त्या भावाच्या मुलीच्या लग्नाला कुंभकोणमला निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "शाळा आहे तशी राहू दे." मला ते काळजीचं वाक्य वाटलं. ती सूचना होती हे नंतर कळलं.

दुसऱ्याच दिवशी मी घरून अप्पांची मच्छरदाणी आणली. धुवायला टाकते असं आईला सांगितलं. जुन्या टोपलीची बांबूची कड काढून तिला मच्छरदाणीचा एक कोपरा बांधला, चार दगड टाकले, आणि ते प्रकरण दोरानं विहिरीत सोडलं. वरून चुरमुरे टाकले. मासे भाबडे. आले. आम्ही ओढलं. चौथीचा सगळा वर्ग कठड्याभोवती नाचत होता. मला वाटलं, याला म्हणतात कृतीतून शिक्षण!

आयम्मा हात कमरेवर ठेवून बघत होती. तिनं एकदाच विचारलं, "नक्की ना, टीच्चरम्मा?"

"हे शास्त्र आहे, आयम्मा."

"असेल," ती म्हणाली आणि घागर घेऊन आली. त्या घागरीतून तिनं मासे तळ्यात नेऊन सोडले.

जिची पाटी राहिली होती ती मुलगी पहिल्या बाकावर बसायची. दोन वेण्या, रिबन मात्र नेहमी एकीलाच. दुसरी कुठंतरी पडलेली. ती दिवसाला वीस प्रश्न विचारायची. तिनं माझा पदर ओढला.

"टीच्चर, मासे तळ्यात गेल्यावर रडतील का?"

"मासे रडत नाहीत."

"तुम्हाला कसं माहीत? पाण्यात रडलं तर दिसत नाही."

मी तिला फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं.

मच्छरदाणी घरी परत नेली. आई ती झटकायला गेली आणि थबकली.

"काय गे, हा वास कसला?"

"डासांचा असेल."

"डासाला वास अहे काय? इकडे ये. हुंग."

मी हुंगलं नाही. आईनं ती तीनदा धुतली, दोन दिवस पेरूच्या झाडावर उन्हात टाकली, आणि शेवटी नाक मुरडून दूधवाल्याला देऊन टाकली. नवी येईपर्यंत अप्पा सकाळी उठून दंडावरच्या गाठी दाखवायचे. "मद्रासचे सगळे डास मलाच जेवायला येतात," म्हणायचे. मी मान खाली घालून कॉफी प्यायचे.

मोठ्या बाई लग्नाहून आल्या. विहिरीबद्दल काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांच्या लक्षातच आलं नाही. दोन आठवडे छान गेले.

मग एका सकाळी आयम्मा वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. हातात काचेचा पेला.

"टीच्चरम्मा, या. तुमचं शुद्ध पाणी बघा."

पेल्यात स्वल्पविराम नाचत होते. काळपट, बारीक, वळवळणारे. वर येत, शेपटी पाण्याला टेकवून लटकत, पेल्याला टिचकी मारली की खाली पळत. डासाच्या अळ्या. माठात, बादलीत, विहिरीत, सगळीकडे. आयम्मा आता पाणी दुहेरी फडक्यातून गाळत होती.

तुम्हाला वाटेल, मी घाबरले. छे! मी आनंदले. पुढच्याच तासाला 'डासाचं जीवनचक्र' होतं आणि नमुने चालत आले होते. औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटलीत मी पेला ओतला, टेबलावर ठेवला आणि फळ्यावर गोल काढला. अंडी, अळी, कोष, डास. प्रत्येकाला किती दिवस लागतात तेही लिहिलं. हिवतापाचा डास भिंतीवर तिरका बसतो, शेपूट वर करून, हे हातानं करून दाखवलं. सगळा वर्ग तिरका बसला.

पहिल्या बाकावरची एक-रिबनवाली उठली.

"टीच्चर, हे सगळे डास झाले तर खूपच होतील. यांना कुणी खात नाही?"

"चांगला प्रश्न!" मी म्हटलं. पुस्तक उघडलं. अळ्यांचे शत्रू अशी एक ओळ होती. मी पहिला शब्द मोठ्यानं वाचला आणि तिथंच थांबले. पहिला शब्द 'मासे' होता.

चाळीस डोकी माझ्याकडून खिडकीकडे वळली, खिडकीतून विहिरीकडे, आणि परत माझ्याकडे.

"आपले मासे, टीच्चर?" एक-रिबनवालीनं विचारलं.

मागून कुणीतरी मदतीला धावलं, "ते तळ्यात आहेत. टीच्चरनी शास्त्र म्हणून काढले."

तेवढ्यात घंटा झाली. त्या घंटेचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरची जागा रिकामी. तिला ताप आलाय, शेजारची मुलगी म्हणाली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशीही जागा रिकामी. आता सांगते, माझ्या धाकट्या भावाला लहानपणी हिवताप झाला होता. तीन गोधड्यांखाली त्याचे दात वाजायचे, तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा. पुढे वर्षभर त्याचं पोट फुगलेलं आणि हातपाय काटक्यांसारखे. त्या रिकाम्या बाकाकडे बघताना मला तो आवाज पुन्हा यायला लागला. मासे मी काढले. डास मी वाढवले. आणि ताप तिला.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तळ्यामागच्या गल्लीत लहानसं घर. आईवडील कामावर, घरात तिची आजी. पाट्टी म्हणत तिला सगळे. मुलगी चटईवर पडलेली, चेहरा लाल, अंगाला थंडी. मी तिच्याजवळ बसले, कपाळाला हात लावला. चटका बसला.

आणि तेव्हाच मला भिंतीवर डास दिसला.

तो तिरका बसलाय की सरळ, हे बघायला मी इतकी वाकले, इतकी वाकले, की माझं नाक चुन्याला लागलं.

"टीच्चर," पाट्टी म्हणाली, "भिंतीत काय आहे?"

"काही नाही, पाट्टी. चुना चांगला लावलाय."

तिरका होता. निदान मला तिरका दिसला. घरी जाताना मी रस्ताभर रडले, तेही तोंड सरळ ठेवून, कारण ओळखीची माणसं भेटत होती. घरी जेवले नाही. आईला वाटलं कुणी काही बोललं. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगायचं म्हणजे काय, मी शाळेची विहीर बिघडवली आणि एक मूल आजारी पाडलं? घरात लगेच म्हणाले असते, नोकरी सोड. त्याची मला फारशी भीती नव्हती. ती मुलगी पुन्हा बाकावर येऊन बसली नाही तर मी कुठल्या तोंडानं फळ्यापुढे उभी राहणार, याची होती.

शनिवारी आयम्माला गाठलं.

"आयम्मा, ते मासे परत आणायचे."

"हो, आणू की. तळ्याच्या काठाला रांगेत उभे असतील. टीच्चरम्मा कधी येतात म्हणून वाट बघत."

"थट्टा करू नका हो. ती मुलगी आजारी आहे. माझ्यामुळे."

आयम्मानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग झाडू भिंतीला टेकवला. "उद्या उजाडल्यावर या. चांगली साडी नेसू नका."

माझी वाईटात वाईट साडीसुद्धा त्या कामाला चांगलीच होती. रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. मच्छरदाणी तर दूधवाल्याकडे. आयम्मानं स्वतःचं जुनं पातळ आणलं होतं. त्याची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. गुडघाभर चिखलात उतरायचं, कापड पाण्याखाली धरायचं, गप्प उभं राहायचं, आणि ती 'हं' म्हणाली की एकदम उचलायचं. पहिल्या खेपेला मी उचललंच नाही. पायाला काहीतरी लागलं म्हणून किंचाळले. दुसऱ्या खेपेला उचललं, पण मासे बघून माझं टोक सुटलं.

"टीच्चरम्मा, ते तुम्हाला खायला आलेले नाहीत."

पलीकडे एक माणूस म्हशी धूत होता. आम्हा मराठी लोकांना तिकडे रायर म्हणत. त्यानं मला ओळखलं असावं, कारण तो सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं ओरडला, "अय्यो! रायर वीट्टु पोण्णु मीन पिडिक्कुदु!" रायरांच्या घरची पोरगी मासे धरते आहे! म्हशींनीसुद्धा माना वळवल्या.

एरवी मी लाजेनं तिथंच बुडाले असते. पण त्या दिवशी मला लाजायला सवड नव्हती. पाचव्या-सहाव्या खेपेपासून हात बसला. मग मी कापडातून एकेक मासा ओंजळीत उचलून घागरीत टाकायला लागले. गार, गुळगुळीत, जिवंत. हाताला गुदगुल्या करत होता बिचारा. किळस कधी गेली ते कळलं नाही. घागर बरी भरली तेव्हा आयम्मा म्हणाली, "आज तुम्ही घ्या." मी घागर कमरेवर घेतली आणि चिखलानं बरबटलेली, केस सुटलेली, तशीच रस्त्यानं चालत शाळेत आले. वाटेत अप्पांच्या ऑफिसातले एक गृहस्थ भेटले.

"काय, पाण्याला निघालीस?"

"हो, मामा."

घागरीत टपकन आवाज झाला. त्यांनी घागरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चालू लागले.

विहिरीजवळ मोठ्या बाई कॉफीचा पेला घेऊन उभ्या होत्या.

"आलीस?"

मी घागर कमरेवर घट्ट धरली.

"लग्नाहून आले त्याच दिवशी मी विहिरीत डोकावले होते," त्या म्हणाल्या. "आयम्मालाही विचारलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुला शास्त्र येतं ना? म्हटलं, हिचा प्रयोग चालू आहे. निष्कर्ष कधी निघतो बघू."

मग मात्र मी घागरीसकट रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रड नंतर. घागरीत जीव गुदमरतायत त्यांचे." घागर एकदम उपडी करायची नाही, हे त्यांनीच दाखवलं. दोर बांधून घागर विहिरीच्या पाण्यात थोडा वेळ तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होऊ द्यायचं, मग हळूच कलती करायची. मासे एकेक करून बाहेर आले, क्षणभर थांबले, आणि खाली गेले.

तेव्हा मी त्यांना मुलीच्या तापाचं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली.

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

"आत्ता जा. अशीच जा."

मी अशीच गेले. गल्लीच्या तोंडाशीच माझे पाय थांबले. त्यांच्या दारावर कडुलिंबाचे डहाळे खोचले होते.

त्या काळात कडुलिंबाचा डहाळा दारावर दिसला की माणूस रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. घरात अम्मन, म्हणजे तिकडची देवी, आली आहे, म्हणजे अंगावर फोड उठले आहेत, याची ती खूण. आणि तेव्हा देवीचा रोग अजून गेला नव्हता. मोठी अम्मन आली तर माणूस जगेल याची खात्री नसायची, जगला तर डोळे राहतील याची नसायची. मी डासाचा विचार करत आले होते आणि समोर हे.

पाट्टी बाहेर आली. "टीच्चर, आत येऊ नका. घरात अम्मन आली आहे."

"कोणती, पाट्टी?" मी दारापाशी पोचत विचारलं.

"चिन्नम्मै," ती म्हणाली. धाकटी. म्हणजे कांजिण्या. "डॉक्टरांनी बघितलं. काल फोड आले, ताप उतरला. सकाळी पेज मागून प्यायली. आता खाज सुटलीय म्हणून मला शिव्या देते आहे."

"अप्पाडा!"

हा तमिळ शब्द सुटकेचा. डोक्यावरचं ओझं उतरलं की तोंडातून आपोआप निघतो. माझ्या तोंडून तो इतक्या मोठ्यानं निघाला की शेजारच्या घरातली माणसं दारात आली. मी तिथंच तिण्णैवर, त्यांच्या ओट्यावर, बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले. रडता रडता दोन्ही हात जोडले आणि कडुलिंबाच्या डहाळ्यांना नमस्कार केला, एकदा, दोनदा, पाच वेळा. आता डोळ्यांपुढे आणा. चिखलानं भरलेली एक तरुण शिक्षिका, केस मोकळे, विद्यार्थिनीला कांजिण्या झाल्या म्हणून आनंदानं वेडी झालेली! दुसरं कुणी असतं तर झाडूनं हाकललं असतं.

पण पाट्टीनं कानशिलावर बोटं मोडली. "बघा, बघा," ती शेजाऱ्यांना म्हणाली, "रायरांची पोर, पण केवढी भक्ती! अम्मन आली म्हणताच डोळ्यांत पाणी आलं. तळ्यात स्नान करून ओलेत्यानं आली दर्शनाला."

मी सहावा नमस्कार केला. खरं सांगायला गेले असते तर भक्ती गेली असती आणि मासेही निघाले असते. पुढे कित्येक वर्षं त्या गल्लीत मला आडी महिन्यातल्या अम्मनच्या उत्सवाला मानानं बोलावत. मी जात असे. प्रसादाचा गोड पोंगल, म्हणजे तिकडचा गुळभात, फार चांगला असायचा.

परत येऊन मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनीही सुस्कारा सोडला, माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि खडू दिला.

"आता हे सांग, हिवतापच असं कशावरून ठरवलंस?"

"डास वाढले म्हणून."

"लिही. अंड्यापासून डास व्हायला किती दिवस?"

मी लिहिलं. मग त्या डासानं आधी हिवतापाच्या रोग्याला चावायला हवं. मग डासाच्या पोटात त्या जंतूला वाढायला दिवस हवेत. मग त्यानं मुलीला चावायचं, आणि मग ताप यायला पुन्हा दिवस. बेरीज दीड महिन्याच्या आसपास गेली.

"मासे काढून किती दिवस झाले होते?"

"तिला ताप आला तेव्हा... अठरा."

"म्हणजे तू घाबरलीस तेव्हा तुझे डास अजून बाटलीतच होते."

आणि हे सगळे आकडे मी स्वतः फळ्यावर लिहिले होते, तिला ताप येण्याच्या आदल्या दिवशी, सुंदर अक्षरात! मुलांना तोंडपाठ झाले होते. मला मात्र एकदाही त्यांची बेरीज करावीशी वाटली नाही. "तुझी भीती चुकली," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण भीतीपायी केलंस ते बरोबर केलंस. दीड महिना थांबली असतीस तर खरंच कुणीतरी तापलं असतं." कॉफी संपवून त्या उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आणि आयम्माला नवं पातळ दे."

त्यानंतर माझा निसर्गाभ्यासाचा शुक्रवारचा तास विहिरीपाशी भरायला लागला. विहिरीच्या तळाशी काय चाललंय ते बघायला आम्ही एक आरसा नेत असू. ऊन आरशावर घ्यायचं आणि खाली पाण्यात सोडायचं. उजेडाचा चौकोन पाण्यात फिरायचा, त्यात मासे चमकायचे, अळ्या दिसल्याच तर बघता बघता नाहीशा व्हायच्या. कठड्याच्या भेगेतल्या पिंपळाच्या रोपावरून दोनदा मारामारी झाली. एका मुलाचं म्हणणं, ते उपटावं, विहीर फोडेल. दुसऱ्याचं म्हणणं, त्यावर चतुर बसतो, आणि चतुरही डास खातो. मी म्हटलं, मला ठाऊक नाही, आपण आयम्माला विचारू. हे वाक्य म्हणायला मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पूर्वी 'मला ठाऊक नाही' म्हणायची वेळ आली की मी छडी आपटत असे.

पण हे सुख मला दोन शुक्रवारच मिळालं. तिसऱ्या शुक्रवारी सकाळी अंगावर काटा आला, डोकं जड झालं, आणि दुपारी मानेवर पहिला फोड दिसला. तापलेल्या पोरीचं कपाळ मी हातानं चाचपलं होतं ना? तिनं प्रामाणिकपणे तिच्या टीच्चरला वाटा दिला होता.

घरात गडबड उडाली. आईनं मला मागच्या खोलीत टाकलं, खाली कडुलिंबाचा पाला अंथरला, भावंडांना मामाकडे धाडलं. जवळ कुणी यायचं नाही. दारातून ताटली सरकवायची. अप्पा खिडकीतून विचारायचे, "काय गे, खाजतं काय?" आणि उत्तर ऐकायच्या आत पळायचे. त्यांना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की नाही, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं.

आठव्या दिवशी दारात माझी एक-रिबनवाली उभी. हळद-कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊन बरी झालेली, गालावर दोन-तीन काळे ठिपके.

आई ओरडली, "अगे, आत जाऊ नको!"

"मला होऊन गेल्या, मामी," ती ऐटीत म्हणाली. "मला पुन्हा होत नाहीत. पेरिय टीच्चरनी सांगितलंय, फक्त मीच जाऊ शकते." आणि सरळ येऊन माझ्या पाल्याच्या अंथरुणावर बसली.

तिनं शाळेची बातमी दिली. शुक्रवारचा तास चालू आहे. आरसा आता ती धरते, पेरिय टीच्चर नुसत्या बघतात. एक मासोळी पोटुशी आहे असं आयम्मा म्हणते. आणि एक मासा मेला, पण तो म्हातारा होता.

मग थोडी पुढे सरकून म्हणाली, "टीच्चर, त्या दिवशी आमच्या दारात तुम्ही हसलात. मी आतून ऐकलं. पाट्टी म्हणते, भक्ती. मला नाही वाटत."

एवढ्या तपासणीपुढे माझं काय चालणार! मी तिला सगळं सांगून टाकलं. मासे काढले म्हणून डास झाले, डास झाले म्हणून तुला ताप आला असं मला वाटलं, आणि मी फार घाबरले होते. ती गंभीरपणे ऐकत होती. मग तिनं मान हलवली.

"पण टीच्चर, मला डास चावतच नाहीत. मी पाट्टीला चिकटून झोपते. सगळे पाट्टीलाच चावतात."

"मग पाट्टीला ताप नाही ना आला?"

"छे. पाट्टी म्हणते, तिचं रक्त पिऊन डासच आजारी पडतात."

मला असं हसू फुटलं की अंगावरचा एकेक फोड ताणला गेला. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "हसू नको गे, खपल्या निघतील!" मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती मात्र तोवर माझ्या डाव्या हातावरचे फोड मोजायला बसली होती, कोपरापर्यंत पोचली होती, आणि मला हलू नका म्हणून दटावत होती.